बाटली कोणत्या हाताला?

५ जानेवारी

फौजदारबाईंना दादाचे आशीर्वाद. मनापासून नाहीत, कारण आज मन ठिकाणावर नाही.

पुन्हा सांडली. पंधरा दिवसांतली ही तिसरी बाटली. हा पातळ गोंद म्हणजे घरातला गोंद नव्हे. हा प्लास्टिक विरघळवतो, आणि मग दोन तुकडे एकमेकांत मुरतात. ब्रशच्या टोकावर थेंबभर घेतला तर जोड दिसत नाही इतका सुरेख बसतो. बाटलीभर ओतला तर काय होतं ते आज पाहिलं. क्रेनचा चौथरा मी तीन आठवडे घासून तयार केला होता. तो भिजलेल्या साबणाच्या वडीसारखा मऊ झाला आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला.

तू म्हणशील, म्हातारपणी खेळणं घेऊन बसलाय. म्हण. आप्पांनी जिच्या केबिनमध्ये सव्वीस वर्षं काढली ती बंदरावरची क्रेन भंगारात गेली, तिचा एकच फोटो उरलाय, तोही वाकडा. एकास पन्नास मापात मी ती पुन्हा उभी करणार म्हटलं होतं. दोन वर्षं झाली, अजून तिचा हात उभा राहत नाही. जाळीदार हात, दोनशे बारा पट्ट्या. आणि दर चार दिवसांनी बाटली आडवी.

संशय शेजारच्या बोक्यावर आहे. खिडकी बंद असते, पण बोके काय सांगून येतात?

डिसेंबरात दोन दिवस डोकं भयंकर धरलं होतं, तेव्हापासून आधीच वैताग आहे, त्यात हे. तू तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या सांभाळल्यास. उपाय असेल तर कळव. फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो.

दादा


१२ जानेवारी

प्रिय दादा,

बोक्याला माझा नमस्कार सांग. बंद खिडकीतून आत येऊन, बाकी कशाला धक्का न लावता फक्त तुझी बाटली पाडणारा बोका आमच्या प्रयोगशाळेत कामाला ठेवला असता.

आता नीट ऐक. आमच्याकडे एकच नियम होता आणि तो मी दरवर्षी नव्या पोरांच्या डोक्यात हातोडीने ठोकायची: उघडी बाटली हातात असते, नाहीतर ती बंद असते. तिसरी जागा नाही. तू झाकण उघडं टाकून चष्मा शोधत फिरतोस, मी पाहिलंय.

बाटली उंच आणि बूड अरुंद. तिला बैठक दे. लाकडाचा चांगला जड ठोकळा घे, बाटली घट्ट बसेल एवढं भोक पाड. किंवा लागेल तेवढाच गोंद एका पसरट झाकणीत काढून घे, बाटली कपाटात. सांडला तर झाकणीभर सांडेल. टेबलावर काठ असलेला ट्रे ठेव. आणि फडकं हाताशी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही.

तुझा हात बिनचूक आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच तीन वेळा सांडली याचं नवल वाटतं. आम्ही सांडलं की वहीत लिहायचो: काय, किती, झाकण होतं का, बाटली कोणत्या हाताला होती. तूही लिही आणि मला कळव.

डोकं कशाने दुखलं? डॉक्टरला दाखवलंस का?

फौजदार


२० जानेवारी

फौजदार,

माझा हात चूक आहे हे तुला माहीत आहे म्हणे! वा. पस्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, माझ्या रेषेवर कधी कोणी खोडरबर लावला नाही, आणि धाकटी बहीण लिहिते हात चूक आहे. निदान 'चुकीचा' तरी लिहायचं. आणि मग लगेच नवल वाटतं म्हणतेस. एका दमात दोन्ही कसं जमतं तुला?

तुझी हल्लीची पत्रंही विचित्र. वाक्यं मधूनच सुरू होतात. दोनदा वाचावं लागतं. वर्तमानपत्राचंही तेच झालंय, बातमीला सुरुवातच नसते. कोणालाच काही धड करायचं नाही.

असो. ठोकळा केला. शिसवी लाकडाचा, पाऊण किलो, भोक असं तंतोतंत की बाटली काढताना आवाज येतो. चार दिवस सुखाने गेले. पाचव्या दिवशी ठोकळ्यासकट जमिनीवर. ठोकळा पायावर पडला, अंगठ्याचं नख काळं झालंय, आणि हाताच्या एकतीस पट्ट्या गोंदात बसून एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

बोका नाही. तुझं बरोबर होतं, हे एवढ्यापुरतं. ही तुझी वहिनी आहे. ती पुसायला येते आणि वस्तू सरकवते. मी विचारलं की म्हणते, मी हात लावला नाही. मग बाटली टेबलाच्या कडेला कशी आली? चालत?

घरात कोणी वस्तू जागेवर ठेवायचीच नाही असं ठरवलंय. काल स्कूटर आत घेताना फाटक अर्धवट लावलेलं, डावा आरसा तुटला. तिला विचारलं तर म्हणते, सताड उघडं होतं.

डोकं बरं आहे. डॉक्टर वगैरे काही नाही.

दादा


२७ जानेवारी

दादा,

मी हात टेकले. एक तर तुला पत्र वाचता येत नाही किंवा भांडायला निमित्त हवं आहे. मी 'बिनचूक' लिहिलं होतं. बि-न-चू-क. मी प्रत्येक पत्राचं कच्चं ठेवते हे तुला माहीत आहे, आत्ता काढून पाहिलं. परत वाच आणि मग माफी माग. नाही मागणार, ते ठाऊक आहे.

वहिनींवर खापर फोडू नकोस. त्या बाईने चाळीस वर्षं तुझ्या पेन्सिली टोकदार ठेवल्या आहेत. पाऊण किलोचा ठोकळा पुसताना सरकतो होय?

आणि मी विचारलं त्याचं उत्तर कुठे आहे? कोणत्या हाताला ठेवतोस बाटली? तू पानभर बोका, फाटक, वर्तमानपत्र लिहिलंस, पण हे लिहिलं नाहीस. मला वाटतं डावीकडे ठेवत असशील, ऑफिसात शाई ठेवायचास तशी. ब्रश उजव्या हातात, तर बाटली उजवीकडे घे. हात आडवा जायला नको. साधी गोष्ट आहे.

तू ड्राफ्ट्समन आहेस ना? मग टेबलाचा नकाशा काढ. कुठे काय असतं आणि कुठे कुठे सांडलं, तारखांसह. बोलणं पुरे.

फौजदार


४ फेब्रुवारी

फौजदार,

परत वाचलं. 'चूक' असंच आहे. विषय संपला.

नकाशा सोबत आहे. हातानेच काढलाय, पण मापात. लाल फुल्या म्हणजे सांडल्याच्या जागा. आतापर्यंत सहा. होय, सहा, कारण परवा थिनरची बाटली गेली आणि काल रंगाची डबी. करडा रंग. टेबल, खुर्ची, माझी पँट आणि आप्पांच्या फोटोचा कोपरा. फोटो मी लगेच पुसला. तरी कोपरा गेला. फोटोत तिथे काय होतं ते आता मला आठवत नाही आणि याचा मला इतका राग आलाय की तासभर नुसता बसून होतो.

बाटली डावीकडेच आहे आणि डावीकडेच राहील. ऑफिसात ड्रॉपर डाव्या हातात, पेन उजव्या. हेडसाहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, शाई डावीकडे. पस्तीस वर्षांत एक थेंब सांडला नाही. तेव्हा बाजू हे कारण नव्हे. बाजू कारण असती तर तेव्हाच सांडलं असतं. हे तर्काने सिद्ध होतं.

कारण मी शोधलंय. टेबलच डावीकडे उतरतंय. सगळ्या फुल्या एका बाजूला आहेत, बघ. मी डाव्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या. पाणसळ लावली तर बुडबुडा आता एका टोकाला जाऊन बसतो, म्हणजे पाणसळही बिघडली आहे.

तुझी वहिनी बोलत नाही. मी काल जरा जास्त बोललो.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

घाईत लिहिते. दोनच प्रश्न. त्यांची उत्तरं दे आणि कृपा करून दुसरं काही लिहू नकोस.

एक. नकाशात दिवा कुठे आहे? मी साठाव्या वाढदिवसाला दिलेला, डाव्या कडेला पकडीने लावलेला. त्याच्याखालची तीन खणांची पेटीही नाही. तुझ्या नकाशात टेबलाला डावी कडच नाही. रेघ अर्ध्यावर सोडली आहेस.

दोन. तुझा समास असा का? जानेवारीच्या पहिल्या पत्रात वर एक बोट आणि खाली दोन बोटं. कालच्या पत्रात खाली येईपर्यंत चार बोटं. मी फूटपट्टीने मोजलं. तू पाठकोऱ्या कागदावरसुद्धा समास आखणारा माणूस आहेस.

फौजदार


१४ फेब्रुवारी

फौजदार,

दिवा तुझ्या वहिनीने काढून ठेवला आहे. कधी काढला मला सांगितलं नाही. म्हणून उजेड कमी पडतो हेही आत्ता कळलं. आणि तू समास मोजत बसलीस! तिकडे माझी क्रेन विरघळतेय आणि ही फूटपट्टी घेऊन बसलीय. लहानपणी आप्पांनी तुला फौजदार नाव ठेवलं ते उगीच नाही. माझा समास सरळच आहे, कागद वाकडा कापलेला असेल.

मी आता हे सगळं आवरून ठेवणार आहे. क्रेन, पट्ट्या, सगळं. खोक्यात भरून माळ्यावर. डोक्याला ताप झालाय. आप्पांनी टनाटनांची खोकी डोलू न देता उतरवली आणि मला एक बाटली उभी ठेवता येत नाही.

दादा

(खाली वेगळ्या अक्षरात)

वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, पाकीट उघडून लिहिते आहे. यांना सांगू नका. दिवा जागेवर आहे. मी कधीच काढला नव्हता. आज सकाळी मी तो लावला, तो त्यांच्या कानाशी पेटलेला होता आणि ते मला विचारत होते, दिवा कुठे नेऊन ठेवलास. मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला. तुमचं जानेवारीचं पत्रही मी वाचलं, त्यात बिनचूक असंच आहे, ओळीच्या अगदी सुरुवातीला. ताटातली डावीकडची कोशिंबीर रोज तशीच राहते आणि वर म्हणतात, कोशिंबीर वाढली नाहीस. मी दोन महिने स्वतःलाच वेंधळी समजत होते.


१८ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र हातात पडेल तोपर्यंत मी वहिनींशी फोनवर बोललेली असेन आणि तू माझा फोन दोनदा आपटलेला असशील. आपट. पत्र आपटता येत नाही म्हणून लिहिते. वहिनी हे तुला मोठ्याने वाचून दाखवणार आहेत, कारण तू वाचलंस तर अर्धंच वाचशील.

मला तुझ्यावर रागवायचं नाही. मला भीती वाटते आहे, आणि ती मी लपवत नाही.

तुला डावीकडचं दिसत नाही, दादा. बाटली दिसत नाही म्हणून ती सांडते. फाटकाची डावी बाजू दिसली नाही. ओळीचा पहिला शब्द दिसत नाही, म्हणून माझी वाक्यं मधून सुरू होतात आणि बिनचूकचं चूक होतं. दिवा तुझ्या कानाशी होता. मी तुझा नकाशा समोर ठेवून बसले होते. सहा फुल्या, सगळ्या डावीकडे. इतका चोख पुरावा कुठल्याच आरोपीने स्वतःविरुद्ध काढून पाठवला नसेल.

मी डॉक्टर नाही. पण डिसेंबरातलं दोन दिवसांचं डोकं आणि हे, दोन्ही एकत्र ठेवलं की मला झोप लागत नाही. झालं ते नुसतं डोळ्याचं नसेल. डोक्यात काही झालं असेल तर ते पुन्हा होऊ शकतं, आणि पुढच्या वेळी नुसती बाटली जाणार नाही. हे मला स्पष्ट लिहावं लागतंय, कारण तू आडून बोललेलं ऐकत नाहीस.

तुला वाटेल, मला सगळं दिसतंय, ही काय बडबडते. म्हणून तुला आप्पांची आठवण करून देते. क्रेनची केबिन उजवीकडे होती आणि तो जाळीदार हात डावीकडे आडवा यायचा. डावीकडचा अख्खा धक्का आप्पांना दिसत नसे. म्हणून खाली तो इशारेवाला उभा असायचा, लाल झेंडी घेऊन. आपण शाळेतून डबा द्यायला जायचो तेव्हा तू आप्पांना विचारलं होतंस, तुम्ही एवढे उस्ताद, मग त्या काकांचं का ऐकता? आप्पा म्हणाले, "मला तिकडचं दिसत नाही हे मला माहीत आहे, म्हणून आजवर माझ्या खाली कोणी सापडलं नाही. ज्याला हे माहीत नसतं त्याला खुर्चीवर बसू देऊ नये."

स्कूटरची किल्ली वहिनींकडे दे. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. क्रेन माळ्यावर टाकू नकोस.

तुझी इशारेवाली


६ मार्च

वन्सं,

तुम्ही विचारलंत तसं सगळं क्रमाने लिहिते.

चष्म्याचा नंबर बदलायचाय असं सांगून नेलं. तिथे एका गोल भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात, आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. हे उजवीकडचे पटापट दाबत होते आणि मधे अगदी शांत बसत होते. बाहेर आल्यावर डॉक्टरांना म्हणाले, तुमच्या यंत्रातले निम्मे दिवे गेलेत, दुरुस्त करून घ्या. डॉक्टर हसले नाहीत.

डोळे ठणठणीत आहेत. मेंदूचा फोटो काढला. उजवीकडे, अगदी मागे, एक लहानसा भाग मेलाय. डिसेंबरातच झालं असावं म्हणाले. हृदयाचे ठोके मधेच चुकतात, तिथून गुठळी जाऊन अडकली. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, रोज, न चुकता. डॉक्टर म्हणाले, अशी दुसरी गुठळी केव्हाही आली असती, वेळेवर आलात. वेळेवर कसलं, मी मनात म्हटलं, दोन महिने हा माणूस बाटलीशी भांडत होता.

हे माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्यावर तर भलतेच चिडलेत. स्कूटर मी शेजारच्या गॅरेजमध्ये ठेवली, किल्ली पिठाच्या डब्यात आहे. कोणाला सांगू नका.

वहिनी


२० मार्च

फौजदार,

समाधान झालं? स्कूटर गेली. एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. बेसिनशी गेलो तरी ही मागे. किल्ली पिठाच्या डब्यात आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं, काढली नाही एवढंच.

तुम्ही सगळे म्हणता डावीकडे दिसत नाही. मला कसं कळावं ते सांगा ना कोणीतरी! काळोख असता तर कळलं असतं. तिथे काळोख नाही. तिथे काहीच नाही, आणि काहीच नसलेलं दिसतं कसं? मी इथून तिथपर्यंत बघतो आणि मला सगळं भरलेलं दिसतं. मग मान वळवतो आणि अचानक तिथे दार असतं. अख्खं दार. मला या घरात रोज कोणीतरी फसवतंय असं वाटतं, आणि फसवणारा मीच आहे.

तू परत पाठवलेला नकाशा मी पाहिला. हिने मान धरून डावीकडे वळवली तेव्हा दिसला. ड्राफ्ट्समनने टेबलाची कड सोडली. ऑफिसात असतो तर मी असलं ड्रॉइंग काढणाऱ्याला दाराबाहेर काढलं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. तुझ्या वहिनीला सांगू नकोस. तिला ठाऊक आहे.

क्रेन खोक्यात आहे. उघडत नाही.

दादा


२८ मार्च

दादा,

समाधान कसलं. तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आमचे हे म्हणाले, काय झालं, तर म्हटलं, दादाने कबूल केलं. त्यांना कळेना यात रडायचं काय.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. मी जानेवारीत लिहिलं होतं, बाटली उजवीकडे घे. तू हटून बसलास, हेडसाहेब म्हणाले शाई डावीकडे. मी तेव्हा दात-ओठ खाल्ले होते. पण विचार कर, तू माझं ऐकलं असतंस तर? सांडायचं त्याच दिवशी थांबलं असतं. मी शाबासकी घेतली असती, तू क्रेन जोडत बसला असतास, आणि कोणालाच काही कळलं नसतं. दुसरी गुठळी येईपर्यंत. माझा उपाय अगदी बरोबर होता आणि त्याने तुझा जीव गेला असता.

आयुष्यात एकदाच सांगते, पुन्हा म्हणणार नाही: माझं ऐकलं नाहीस ते फार बरं केलंस.

आता मात्र ऐक. खोकं उघड.

फौजदार


१० मे

फौजदारबाईंना दादाचे आशीर्वाद. या वेळी मनापासून.

पत्राच्या डाव्या बाजूला लाल रेघ दिसते ना? ती मी मारलेली आहे, टी-पट्टीने. दवाखान्यात एक बाई शिकवायला येतात. वयाने आपल्याला मुलीसारख्या, पण तुझ्यापेक्षा कडक. त्यांचा नियम असा की ओळ संपली की डावीकडे लाल दिसेपर्यंत मान वळवायची, लाल दिसल्याशिवाय पुढचा शब्द लिहायचा नाही. सुरुवातीला मी म्हटलं, हे शाळेतल्या पोरांचं काम. पहिली ओळ लिहायला दहा मिनिटं लागली. आता बरं जमतं. समास मोज हवा तर.

टेबलाच्या डाव्या कडेलाही लाल पट्टी चिकटवली. पुठ्ठ्याच्या घड्या काढल्या. पाणसळ बिघडलेली नव्हती, तिची माफी मागितली. बाटली उजवीकडे, ठोकळ्यात, ठोकळा टेबलाला स्क्रूने पक्का. उघडी बाटली हातात, नाहीतर बंद. हेडसाहेब मला माफ करोत.

पाणसळीच्या आधी तुझ्या वहिनीची माफी मागितली. तिने हिशेब ठेवला नव्हता, मी ठेवला होता. प्रत्येक बाटलीला मी तिला काय काय बोललो ते मला आठवतंय. ती म्हणाली, "जाऊ दे. मला वाटलं होतं माझंच डोकं फिरलंय. तुमचं निघालं, सुटले." वर हसली. आता मी जोडत असलो की ती डाव्या बाजूला खुर्ची टाकून वाचत बसते आणि मान न उचलता म्हणते, "डावीकडे." एवढंच. मी वळतो. तिथे चिमटा असतो.

क्रेनचा हात उभा राहिला. एकशे नव्वद पट्ट्या झाल्या, बावीस राहिल्या. फोटोच्या रंगात गेलेल्या कोपऱ्यात काय होतं ते तुझ्या पत्रामुळे आठवलं. तो इशारेवाला होता. सव्वातीन सेंटिमीटर उंचीचा माणूस केलाय, धक्क्यावर डावीकडे उभा, झेंडी लाल. नीट बघितलंस तर त्याला साडी आहे. कोणी विचारलं तर मापात चूक झाली म्हणून सांगेन.

आणि मुख्य गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायला बसलो. आज सकाळी पुन्हा सांडली. नवी बाटली, काठोकाठ भरलेली. ठोकळ्यात न बसवताच झाकण उघडलं आणि चष्मा शोधायला उठलो, तू पाहिलंयस तसा. उजव्या कोपराचा धक्का लागला. तुझी वहिनी धावत आली, फडकं घेऊन. मी तिला थांबवलं. बाटली आडवी झाली, गोंद टेबलावरून पसरत गेला, कडेपर्यंत आला, खाली थेंब थेंब पडायला लागला, आणि मी तिथेच उभा राहून बघत होतो.

निव्वळ धांदरटपणा, फौजदार. सगळी डोळ्यांदेखत सांडली.

दादा